कुत्र्याचं सोवळं

आमच्या कुत्र्याला खाज सुटली तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो त्याला काय झालंय हा नव्हे, तर त्याला कोणी काय खायला घातलं हा.

कुत्रा लेकीचा. शाळेत असताना तिने हट्टाने शेल्टरमधून आणला, त्याचं सगळं मीच करीन म्हणून सांगितलं आणि पुढे कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात निघून गेली. कुत्रा इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्याकडे राहिला. काळा, लॅब्राडॉरच्या अंगलटीचा, कान मात्र कुठल्या तरी दुसऱ्याच जातीचे. जाताना लेकीने त्याच्या खाण्याची सोय लावून दिली होती. दर महिन्याला दारात एक जड पिशवी येऊन पडायची. पिशवीवर बर्फात उभ्या असलेल्या लांडग्याचं चित्र आणि आजूबाजूला ‘नैसर्गिक’, ‘धान्यविरहित’ वगैरे बरंच काही. आत तपकिरी कोरडे दाणे.

सासूबाईंनी पहिल्यांदा ती पिशवी उघडली, मूठभर दाणे तळहातावर घेऊन हुंगले आणि विचारलं, "हे खाणं आहे की खत?"

"खाणं आहे, आई. चिकन, व्हिटॅमिन, सगळं असतं त्यात."

"मग लांडगा कशाला काढलाय वर? लांडगा काय पिशवी फोडून खातो?"

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि आमच्या वस्तीत गाडीशिवाय फक्त फेरी मारता येते, जिथून निघालो तिथेच परत येण्यासाठी. मी आणि नवरा दिवसभर कामात. मी औषधांच्या चाचण्यांचं काम करते, म्हणजे लोकांना नवीन औषध दिल्यावर काय काय झालं याची माहिती नीट गोळा होतेय की नाही, ते बघते. भाज्या, आमट्या मी रविवारी करून ठेवते, पोळ्या विकत आणते आणि यात बदल होणार नाही हे त्यांना लवकरच कळलं. त्यामुळे घरात त्यांच्यावाचून अडेल असं एकच काम उरलं होतं, कुत्र्याला जेवायला घालणं. ते त्यांनी ताब्यात घेतलं. सकाळी दुधात कुस्करलेली पोळी, दुपारी वरणभात, वर तूप. रात्री तेवढे लेकीचे दाणे. कुत्रा दुपारी फ्रिजपाशी येऊन बसायचा आणि सासूबाई पान घेऊन बसल्या की शेजारी पसरायचा. मी ऑफिसातून फोन केला की त्या स्वतः काय जेवल्या हे सांगत नसत, तो काय जेवला हे सांगत.

आणि मग ही खाज. पंजे चाटून चाटून लाल, पोटाखालचे केस गेलेले, कानामागे जखम. लाकडी जमिनीवर बसून तो असा काही खाजवायचा की नवऱ्याच्या मीटिंगमध्ये लोक विचारायचे, घरात सुतारकाम काढलंय का.

लेकीला व्हिडिओवर दाखवलं. ती एकदम भडकली.

"आजी, व्हॉट आर यू फीडिंग हिम?"

"तुला जे भरवत होते तेच."

"आय हॅड एक्झिमा, आजी!"

हे खरं होतं, लहानपणी तिला इसब झाला होता. पण सासूबाई डगमगल्या नाहीत. "ते तुला अमेरिकेच्या पाण्याने झालं होतं," त्या म्हणाल्या.

लेकीने निर्णय देऊन टाकला. पोळी नाही, भात नाही, तूप तर अजिबात नाही. फक्त दाणे, तेही मोजून. आणि कोणी लाडात येऊन जास्तीचं काही देऊ नये म्हणून तिने एक यंत्र मागवलं. त्यात दाणे भरायचे, वेळ लावायची, की दिवसातून दोनदा आपोआप वाटीत पडतात. खोकं दारात आलं तेव्हा सासूबाईंनी त्यावरचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे कोणी घालायला लागत नाही?"

"नाही."

"मग मी काय करायचं?"

 मी खोकं न उघडता गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं आणि लेकीला कळवलं की आधी डॉक्टर काय म्हणते ते पाहू. सासूबाईंचं खाणं बाधतंय असं निघालं तर यंत्र लावू, नाहीतर खोकं परत.

डॉक्टरकडे सासूबाईही आल्या. त्यांच्याविरुद्धचा खटला होता, त्या घरी कशाला बसतील? डॉक्टरीणबाई तरुण होती, सोनेरी केसांचा घट्ट बुचडा बांधलेली. तिने कुत्र्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि सांगितलं की ही बहुतेक खाण्याची अॅलर्जी आहे, पण कशाची ते रक्त तपासून खात्रीने कळत नाही. दोन महिने त्याला असं काहीतरी द्यायचं जे त्याने जन्मात कधी खाल्लेलं नाही. त्याखेरीज दुसरा कण पोटात जाता कामा नये. खाज थांबली तर मग एकेक जुना पदार्थ देऊन बघायचा.

मी मराठीत सांगायला सुरुवात केली. "आई, ती म्हणतेय, त्याची भांडी वेगळी ठेवा."

"बरं."

"त्याच्या भांड्याला हात लावायच्या आधी हात धुवायचे. आपलं उष्टं त्याच्याजवळ येऊ द्यायचं नाही. त्याचा चमचा आपल्या भाजीत नाही, आपला त्याच्या खाण्यात नाही."

"आणि मधेच कोणी काही तोंडात टाकायचं नाही. कोणी शिवलं तर ते बाजूला काढून परत ताजं करायचं." पुढचं त्यांनीच पुरं केलं. "सांग तिला, कळलं. हे सोवळं आहे. आम्हाला येतं."

मी डॉक्टरला एवढंच सांगितलं की यांना अनुभव आहे. तिला फार आनंद झाला. बहुतेक घरांत दुसऱ्याच आठवड्यात बट्ट्याबोळ होतो म्हणाली.

सोवळ्याचं आणि माझं जुनं भांडण आहे. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये ते कडक होतं. सणाच्या दिवशी त्या दांडीवरचं वेगळं वाळवलेलं पातळ काठीने काढून नेसायच्या, मग नैवेद्य होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. महिन्याच्या त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. एकदा मी ठेवलं. फार मोठा आवाज झाला, दोन्ही बाजूंनी. मी ज्या घरात राहीन तिथे हा प्रकार चालणार नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं आणि तो नेहमीप्रमाणे दोघींना हो म्हणाला. अमेरिकेत आल्यावर सासूबाईंनी आपण होऊनच सगळं सोडून दिलं. "तुमच्या त्या ड्रायरमध्ये सगळ्यांचं सगळं एकत्र गरगरतं," त्या म्हणाल्या होत्या, "तिथे कसलं आलंय सोवळं?"

आता ते डॉक्टरच्या सांगण्यावरून परत आलं, कुत्र्यासाठी.

कधीच न खाल्लेलं म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न. डॉक्टरने औषधी दाण्यांची पिशवी दिली होती. त्यांवर काय काय प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे अंगाला ते ओळखूच येत नाहीत म्हणे. कुत्र्याने एकदा वास घेतला आणि वाटी पायाने लांब ढकलली. तुपाची चव लागलेला प्राणी तो. दुसरा पर्याय होता घरी शिजवायचा, एक नवीन मांस आणि एक नवीन कंद. कंद म्हणून रताळं ठरलं. मांसाची अडचण होती, कारण आमच्या स्वयंपाकघरात अंड्याच्या पुढे काही जात नाही. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण थंडीत हरणाच्या शिकारीला जातो. त्याचा फ्रीझर भरलेला होता आणि बायकोने मांस संपव म्हणून तगादा लावला होता. तो आनंदाने दोन थैले देऊन गेला.

त्या दिवसापासून नवरा घरामागच्या लाकडी डेकवर विजेच्या शेगडीवर हरीण उकडू लागला. सासूबाई जाळीच्या दाराच्या आत उभ्या राहून सूचना देत.

"तो चिमटा कुठला घेतलास?"

"इथलाच आहे, आई. ग्रिलचा."

"परवा त्याच चिमट्याने मक्याची कणसं भाजली होतीस. लोणी लावलेली. ठेव तो. नवीन घे."

"आई, धुतलेला आहे."

"धुतलेला म्हणजे सोवळ्यातला नव्हे."

हरणाला त्या स्वतः हात लावत नसत. त्यांनी रताळं सांभाळलं. त्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी सुरी, वेगळा डबा. नवऱ्याने हरणाचे तुकडे वाटीत घालायचे, मग त्यांनी वरून, वाटीला हात न लावता, रताळं सोडायचं. मांसाहाराचं इतकं कडक सोवळं जगात दुसरीकडे कुठे पाळलं गेलं असेल असं वाटत नाही. मी एकदा ऑफिसातून आल्या आल्या कुत्र्याची वाटी उचलली, तर त्या ओरडल्या, "अगं, शिवू नकोस! बाहेरून आलीयेस!" मला नाशिकचं स्वयंपाकघर आठवलं. पण कुत्र्याच्या कानामागे खपली धरली होती. मी गुपचूप बेसिनकडे गेले.

खाज कमी होत गेली. आणि मग एका आठवड्यात परत सुरू झाली. पंजे पुन्हा लाल.

लेक म्हणाली, "आजी गेव्ह हिम समथिंग." सासूबाईंनी देवाची शपथ घेतली. नवऱ्यानेही घेतली, जी मी धरत नाही, म्हणून मी त्याच्या गाडीतली चिप्सची पाकिटं पाहून घेतली. त्यात काही निघालं नाही. पण माझ्या कामातून मला एक माहीत आहे. चाचणीतले लोक सहसा खोटं बोलत नाहीत. काही गोष्टी ते धरतच नाहीत, इतकंच. दिवसभर काय काय घेतलंत विचारलं तर चहा सांगायचा राहतो.

म्हणून मी एक दिवस घरून काम करायचं ठरवलं आणि लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलाशी बसले. सकाळी सासूबाईंची पूजा झाली, घंटा वाजली. घरात कुठेतरी झोपलेला कुत्रा टकटक करत आला आणि देवघरासमोर बसला. देवघर म्हणजे पुस्तकांच्या कपाटाचा मधला खण. सासूबाईंनी देवापुढची चांदीची वाटी उचलली, स्वतः चमचाभर घेतलं, उरलेलं खाली वाकून कुत्र्याच्या तोंडात ओतलं.

"आई!"

त्या दचकल्या. कुत्रा मिशा चाटत होता.

"दूध दिलंत तुम्ही त्याला!"

"दूध कुठलं? नैवेद्य."

"कशाचा नैवेद्य?"

"दूधसाखरेचा. रोजचा."

"म्हणजे दूधच ना?"

"देवाला दाखवायच्या आधी दूध. नंतर प्रसाद. प्रसाद काय खाण्यात धरतात? निर्जळी उपास असला तरी तीर्थप्रसाद घेतोच आपण."

"डॉक्टरने कणसुद्धा नको म्हणून सांगितलं होतं."

"तू प्रसादाचं विचारलं होतंस का तिला?"

विचारलं नव्हतं. पण त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं की गेला महिना वाया गेला. दोन महिने आता परत पहिल्या दिवसापासून मोजायचे.

त्या सोफ्यावर बसल्या. वाटी हातातच होती. "म्हणजे मोडलं," त्या म्हणाल्या.

"मोडलं."

"माझ्याकडूनच."

 धीर देण्याची माझी पद्धत चांगली नाही, शिवाय मला राग आला होता.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिला सांगणार?"

"सांगावं लागेल. विचारणार ती."

"नको. मीच सांगते." त्यांनी फोन लावला. तोही व्हिडिओ, जो त्यांनी स्वतः कधी लावला नव्हता. "ऐक गं. मी त्याला दूध दिलं. खाज उतरायला लागली तेव्हापासून रोज देत होते, थोडं थोडं. आता परत पहिल्यापासून करू. ते खोकं उघडायचं की नाही ते त्यानंतर ठरव. अजून नको."

 मग लेक म्हणाली, "ओके, आजी." नंतर तिने मला मेसेज केला की कॉल चालू असताना तिला पूर्ण वेळ फक्त आजीचं कपाळ दिसत होतं आणि त्यामुळे तिला रागावता आलं नाही.

अडचण एवढीच उरली की कुत्र्याला घंटा कळत होती. वाजली की तो येऊन बसणारच. "देवासमोर आलेल्याला रिकामं कसं पाठवू?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्याच्याने ते होणार नाही, आधीच सांगते."

"मग नैवेद्य बदला," मी म्हटलं. "त्याला जे चालतं ते देवाला दाखवा."

"हरीण?"

"रताळं."

त्यांनी विचार केला. "रताळं उपासाला चालतं," त्या हळूहळू म्हणाल्या, "म्हणजे देवाला न चालायला काय झालं?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरच्या देवांना उकडलेल्या रताळ्याचा नैवेद्य सुरू झाला. साखर नाही, तूप नाही. नवऱ्याने मला विचारलं, "देवांची संमती घेतलीस का? तुमच्या चाचणीत लागते ना?" मी त्याला डेकवर पाठवलं. हरीण उतू जात होतं.

या दुसऱ्या फेरीतच गणपती आले. दीड दिवसाचे, पण आमच्याकडे त्या संध्याकाळी माणसं बरीच जमतात. मी नवऱ्याला म्हटलं की या वेळी कुत्र्याला वर खोलीत कोंडू. सासूबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी घरातल्याला कोंडायचं? मी बघते." आणि त्यांनी खरंच बघितलं. आरतीनंतर त्या कुत्र्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या.

नवऱ्याचा एक मित्र आहे, नागपूरचा, मोठा गप्पिष्ट आणि कुत्र्यांवर जीव टाकणारा. तो एक मोदक हातात घेऊन कुत्र्यासमोर उकिडवा बसला.

"काय रे, कोणी देत नाही का तुला? घे."

"हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या. "तो सोवळ्यात आहे."

 मित्र मोदक तसाच धरून वर पाहू लागला.

"कोण, काकू?"

"हाच. आणि तुम्ही आत्ता चकली खाल्लीत. मागे सरका."

"अरे यार," तो नवऱ्याकडे वळून म्हणाला, "माझी मुंज झाली तेव्हा मला कोणी इतकं सांभाळलं नव्हतं." पण तो मागे सरकला. नंतर मी पाहिलं तर हॉलमधले सगळेच कुत्र्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होते, आणि एक तरुण बाई आपल्या मुलाला सांगत होती, "डोन्ट टच द डॉगी, आज त्याची पूजा आहे."

थंडी सुरू व्हायच्या आत दोन महिने पुरे झाले. कानामागे नवीन केस आले. मग एकेक पदार्थ देऊन बघायला लागलो. भात दिला, काही झालं नाही. तुरीचं वरण दिलं, काही नाही. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून त्याचे पंजे तपासत आणि मला निकाल सांगत. पोळीही चालली. त्या दिवशी त्यांनी लेकीला फोन करून फक्त "पोळी पास" एवढं सांगून ठेवून दिला.

मग दूध दिलं आणि पंजे लाल झाले. ते निवल्यावर चिकन दिलं, तर रात्री परत सुतारकाम. लेकीची पिशवी मी काढून तिच्या मागची बारीक अक्षरं वाचली. लांडग्याच्या खाली पहिलाच पदार्थ चिकन होता.

"म्हणजे लांडगाही सापडला आणि मीही," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तूप?"

डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली तूपही नकोच. आणि घरचं खाणं घाला, पण नुसत्या वरणभातावर कुत्रा नीट जगत नाही, मांस लागतं आणि वर ही कॅल्शियमची पूड, नाहीतर हाडं ठिसूळ होतील. सासूबाईंनी पूड हुंगून पाहिली, चेहरा वाकडा केला, आणि डबा आपल्या कपाटात, रताळ्याच्या डब्याशेजारी ठेवला. तूप गेल्याचं दुःख त्यांनी कुत्र्यापेक्षा जास्त केलं. पण वाटी त्यांच्याकडे राहिली.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला लेक घरी आली. कुत्रा तिच्या अंगावर नाचला, तिने त्याचं पोट, कान, पंजे सगळं पाहिलं आणि आजीला मिठी मारली. काही तरी घ्यायला गॅरेजमध्ये गेली तर यंत्राचं खोकं तिथे तसंच होतं, वर रताळ्यांची टोपली ठेवलेली.

"मॉम, हे रिटर्न नाही केलं?"

"राहून गेलं," मी म्हटलं. परत करायची मुदत कधीच टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उत्साहाने कुत्र्याची वाटी उचलली. "आजी, टुडे आय विल फीड हिम."

"आधी हात."

"आजी, आय जस्ट टुक अ शॉवर!"

"त्यानंतर बिस्किट खाल्लंस. मी पाहिलं."

लेक हसत बेसिनकडे गेली. मी म्हटलं तोवर आपण रताळं घालून ठेवावं, म्हणून डब्याकडे हात नेला.

"तूही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ती चाचणी संपली. आता शिवाशिव झाली तरी चालते. डॉक्टरने सांगितलंय."

"चाचणी तुझी होती," त्या म्हणाल्या आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला. मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी देवघराकडे पाहिलं. नैवेद्य दाखवायचा होता, कुत्रा घंटा वाजायच्या आधीच तिथे जाऊन बसला होता आणि माझ्यामुळे सगळे खोळंबले होते. मी लेकीच्या मागे उभी राहून नळाची वाट पाहू लागले.